आधी मीठ, मग गंज

कोकणात लोखंड गेलं की दोष पावसाला देऊन आपण मोकळे होतो. फाटकाची बिजागरी गेली, पाऊस. पंपघराचा पत्रा गेला, पाऊस. आमच्या परड्यातला जुना मिलिटरी ट्रक खोलायला घेतल्यापासून मला हे पटेनासं झालं आहे. त्या ट्रकचा जो भाग वर्षानुवर्षं उघड्या पावसात भिजला, तो आजही हातोडीने वाजवला तर ठणठणतो. बॉनेटवरच्या रंगाला पोपडे धरलेत, पण खालचा पत्रा जाड आहे. आणि ज्या भागाला पावसाचा थेंब कधी लागला नाही, म्हणजे हौद्याखालच्या आडव्या पट्ट्या, मडगार्डची आतली बाजू, चासीच्या पन्हळीचा आतला अंग, तिथे नुसत्या बोटांनी लोखंडाचे पापुद्रे निघत होते.

याचं कारण मीठ. देवगडच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, वारा समुद्रावरून येतो तो मीठ घेऊनच. ते सगळीकडे सारखंच बसतं. उघड्या जागेवरचं मीठ जूनच्या पहिल्या सरींत धुऊन जातं. आडोशाला बसलेलं तिथेच राहतं आणि दरवर्षी त्यात भर पडते. साध्या मिठाचा गुण असा, की हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं, त्याला तर ३३ टक्के आर्द्रता पुरते. आपल्या किनाऱ्यावर हवा इतकी कोरडी होते तरी कधी? म्हणजे भर मे महिन्यात, जमीन भेगाळलेली असताना, गाडीच्या पोटाखाली खाऱ्या पाण्याचा पातळ थर कायम ओला असतो. वर हे क्लोराईड खर्चीही पडत नाही. लोखंड खातं, सुटं होतं, परत पुढचं लोखंड खायला लागतं. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. गंजण्याचं समीकरण फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. पण ते असं हातात पापुद्रे घेऊन पाहायला मिळालं ते निवृत्तीनंतर.

गाडी शक्तिमान आहे. जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनलेली. १९९६पर्यंत या गाड्या तिथे बनत होत्या आणि कित्येक वर्षं आपल्या सैन्याचा बोजा त्यांनीच वाहिला. आमची गाडी मामंजींनी सैन्याच्या लिलावातून आलेली, दुसऱ्या हातातली घेतली. सड्यावरच्या खाणीतून चिरे काढायला तिच्यासारखी गाडी नव्हती. पुढची चाकंही ओढणारी, त्यामुळे पावसाळ्यातल्या लाल चिखलात जिथे बाकीच्या गाड्या रुतायच्या तिथून ती भरलेला हौदा घेऊन वर चढायची. पुढे खाण बंद झाली आणि काही वर्षं तिने बंदरावरून मासळी वाहिली. बर्फात भरलेले खोके, वितळलेल्या बर्फाचं खारं पाणी, ते फळ्यांच्या फटींतून खाली. हौद्याखालच्या पट्ट्या नेमक्या त्या फटींच्या रेषेतच कुजल्या आहेत. चिऱ्यांनी तिचं काही बिघडवलं नव्हतं.

रंग घासताना मामंजींनी दिलेल्या निळ्या रंगाखाली हिरवा लागला आणि हिरव्यावर पांढरा बाण, टोक वर केलेला. सैन्याच्या गाडीच्या नंबरात आधी तो बाण असतो, मग गाडी ज्या साली घेतली त्याचे दोन आकडे. आमच्या बाणापुढे ७८ आहे. मागचा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या आसावरचा गिअरचा गोळा, तोही पांढरा निघाला. रात्रीच्या ताफ्यात दिवे बंद ठेवून जाताना मागच्या ड्रायव्हरला पुढची गाडी दिसावी म्हणून तिथे एक बारीक दिवा आणि पांढरा रंग असतो. हे दोन्ही मी तसेच ठेवणार आहे, त्यांवर फक्त पारदर्शक लॅकर.

काम करतो तो माझा जुना विद्यार्थी. बारावीनंतर मुंबईला न जाता त्याने इथेच गॅरेज घातलं आणि आज तालुक्यातल्या निम्म्या बोटींची इंजिनं त्याच्या हाताखालून जातात. लोकांसमोर मी त्याला मेस्त्री म्हणते, एरवी नावाने. तो मला अजून बाईच म्हणतो. पहिल्या दिवशी मी कमानपाट्याच्या शॅकलच्या, म्हणजे चाकावरची स्प्रिंग चासीला जोडणाऱ्या कडीच्या, बोल्टवर पाना लावून त्याला लांब पाईप जोडायला सांगितला तेव्हा त्याने माझ्या हातातून पाईप काढून घेतला. “बाई, जोर केलात तर बोल्ट तुटतलो. रवा जरा.”

थांबायचं म्हणजे नुसतं बसायचं नाही. जाम झालेल्या नटात काय झालेलं असतं ते समजून घेतलं तर थांबण्याला अर्थ येतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये केसाएवढी फट असते, गंज तिच्यात फुगतो आणि पाचर ठोकल्यासारखा बसतो. जोर लावून ती पाचर निघत नाही, मध्येच बोल्टची मान पिळवटते. तेल आत शिरायला हवं, त्यासाठी गंजाला तडे जायला हवेत, आणि तडे जातात ठोकण्याने. म्हणून रोज सकाळी तेल, मग बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे मध्यम ठोके, जोराचे नाहीत पण भरपूर, पुन्हा तेल. संध्याकाळी परत तेच. पाना लावायची वेळ आली की आधी किंचित आवळायचं. आवळताना बारीकसा कट्ट आवाज आला की गंज सुटला असं समजायचं. मग पाव फेरा सोडायचा, तेल, परत आवळायचा, परत सोडायचा. सुटतोय म्हणून एका दमात काढायला गेलं की सुटलेला गंज पुढच्या आट्यांत गोळा होतो आणि बोल्ट अर्ध्या वाटेत धरतो. तिथे तो पहिल्यापेक्षा घट्ट बसतो.

तेलाबद्दल आमचं दोघांचं एकमत नाही. तो डिझेल आणि जळकं ऑइल वापरतो. मी ऍसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल, म्हणजे एटीएफ, निम्मं-निम्मं मिसळते. ऍसिटोन पातळ असल्याने बारीक फटीत शिरतो आणि तेल आत सोडून उडून जातो. दोन्ही नीट मिसळत नाहीत, बाटली ठेवली की थर वेगळे होतात, म्हणून दर वेळी हलवून घालायचं. आणि ऍसिटोनची वाफ पटकन पेटते, तेव्हा गॅस मारायच्या दिवशी ही बाटली घरात ठेवायची. माझं मिश्रण चांगलं असं मी म्हणते, डिझेलनेही बोल्ट सुटतात असं तो म्हणतो, आणि खरं सांगायचं तर दोन्हीपेक्षा ठोकणं आणि वाट पाहणं यांचाच वाटा मोठा आहे.

तेलाने जे सुटत नाहीत त्यांना गॅसची ज्योत. नट तापवायचा, बोल्ट नाही. नट फुगतो, पकड सैल होते. नट तापलेला असतानाच मेस्त्रीने खिशातून मेणबत्ती काढून आट्यांवर टेकवली. मेण वितळून सरळ आत ओढलं गेलं, धूर निघाला, आणि जो नट कित्येक आठवडे हलत नव्हता तो रिंग पान्याने फिरला. मेण तापलेल्या लोखंडावर तेलापेक्षा जास्त टिकतं, लगेच जळून जात नाही. मात्र कमानपाट्याला गॅस लावायचा नाही. पाट्याचं पोलाद पाणी देऊन तयार केलेलं असतं, लाल झालं की त्याचा कस जातो आणि भरल्या गाडीखाली तो तुटतो. ब्रेकच्या पाईपांजवळ, रबरी बुशांजवळ, डिझेलच्या टाकीजवळही नाही. आम्ही टाकी आधीच उतरवून लांब नेऊन ठेवली होती.

तुटलेल्या बोल्टसाठी लोक लगेच ईझी-आऊट, म्हणजे तुटका तुकडा बाहेर काढायचा उलट्या आट्यांचा खिळा, मागतात. तो फार कडक पोलादाचा असतो, आत मोडला तर त्याच्यावर ड्रिल चालत नाही आणि साधं काम अवघड होतं. मेस्त्री तुटलेल्या स्टडच्या, म्हणजे डोकं नसलेल्या बोल्टच्या, टोकावर एक नवा नट ठेवतो आणि आतून वेल्डिंग भरतो. धरायला डोकं मिळतं आणि वेल्डिंगची उष्णता स्टडच्या आत उतरून गंजाची पकडही ढिली करते. थोडं निवू द्यायचं आणि हळू फिरवायचं.

चाकांच्या नटांबद्दल एक सांगून ठेवते. जुन्या ट्रकांच्या डाव्या बाजूच्या चाकांना पुष्कळदा उलटे आटे असतात. सवयीने डावीकडे जोर लावत राहिलं तर नट घट्ट होत जातो. स्टडचं टोक तारेच्या ब्रशने साफ करून तिथे काही खूण आहे का ते आधी बघावं, आणि दिसणारे आटे कुठल्या बाजूला चढतात ते डोळ्यांनी पाहून घ्यावं.

ब्रेकच्या ड्रमने सगळ्यात जास्त वेळ घेतला. लायनर, म्हणजे ड्रमला घासून गाडी थांबवणारी अस्तरं, ड्रमला गंजाने चिकटली होती. आधी आतला ऍडजस्टर जमेल तेवढा मागे घेतला. मग ड्रमच्या अंगावर, गोलाकार फिरत, लाकडाचा ठोकळा मध्ये धरून ठोके दिले. कडेवर मारायचं नाही, ओतीव लोखंड आहे, टवका उडतो किंवा भेग जाते. ड्रमवर आट्यांची दोन भोकं होती, मातीने बुजलेली. ती टॅप फिरवून साफ केली, दोन्हींत बोल्ट घातले आणि आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेलो. ड्रम बाहेर आला. आतली भुकटी मात्र कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही. त्या काळच्या लायनरमध्ये ऍस्बेस्टॉस असतो आणि तो फुप्फुसात गेला की परत येत नाही. पाणी मारून ओली करायची, फडक्याने पुसायची, फडकं पिशवीत बांधून टाकायचं. मेस्त्रीच्या हाताखालच्या पोरांना मी हे उभं राहून सांगितलं आणि त्यांनी ते ऐकलं.

आता मूळ मुद्दा. सगळं सुटं केलं, तारेच्या ब्रशने घासलं, लोखंड करडं दिसायला लागलं, की कोणाचाही हात रेड ऑक्साईडच्या डब्याकडे जातो. या गाडीला पूर्वी एका गॅरेजने असाच रंग मारून दिला होता. दोन पावसाळ्यांत त्याखालून फोड आले. फोड फोडला की आत तपकिरी पाणी. घासल्याने गंज निघतो पण मीठ खड्ड्यांच्या तळाशी बसून राहतं, आणि त्यावर रंग मारला की त्याला आडोसा मिळतो.

मीठ गेलं की नाही हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून मी प्रयोगशाळेतली चाचणी परड्यात आणली. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्यायचं, त्यात भिजवलेला कापसाचा बोळा घासलेल्या जागेवर दाबून धरायचा, परीक्षानळीत पिळायचा. विरल नायट्रिक आम्लाचे दोन थेंब, मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. क्लोराईड असेल तर पाणी दुधाळ होतं. हातमोजे घालायचे, सिल्व्हर नायट्रेटचे डाग कातडीवर काळे पडतात आणि दिवसेंदिवस जात नाहीत. शेजारी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याची नळी ठेवायची, म्हणजे फरक कळतो. हौद्याखालच्या पट्टीच्या नळीत पांढरा साका खाली बसला. आम्ही ती जागा विहिरीच्या पाण्याने नीट धुतली, परत चाचणी घेतली. परत दुधाळ. मेस्त्री नळी उजेडात धरून म्हणाला, “बाई, धुतला मा आपण? मग ह्यां मीठ खंयसून इलां?”

मी विहिरीच्या पाण्याचीच चाचणी घेतली. तेही दुधाळ. आमची विहीर खाडीच्या अंगाला आहे, एप्रिल-मेमध्ये पाणी मचूळ होतं हे घरात सगळ्यांना चवीने ठाऊक आहे, पण त्याच पाण्याने आपण दरवर्षी गाड्या धुतो हे कोणाच्या मनात येत नाही. तेव्हापासून धुण्याचं काम पावसाळ्यावर ढकललं. पन्हळीखाली पिंपं लावली आणि पागोळ्यांचं पाणी साठवलं. पावसाच्या पहिल्या दिवसांचं सोडून दिलं, कारण कौलांवर बसलेलं मीठ त्यात उतरतं. नंतरचं पाणी नळीत नितळ राहिलं. ते थोडं तापवून प्रेशरच्या पंपाने चासीच्या आत, पट्ट्यांच्या मागे, मडगार्डच्या वळलेल्या कडांत मारलं. धुवायचं, वाळू द्यायचं, परत धुवायचं. वाळताना खड्ड्यातलं मीठ वर येतं, म्हणून मध्ये वाळवणं महत्त्वाचं. बोळ्याचं पाणी जवळजवळ नितळ आलं तेव्हाच पुढे गेलो.

चासीची पाणी जायची भोकं आंब्याच्या पानांनी आणि खाणीच्या मातीने गच्च बुजली होती. तार घालून ती मोकळी केली. हे काम फुकटचं आहे आणि कुठल्याही कोटिंगपेक्षा जास्त उपयोगाचं.

धुऊन वाळलेल्या लोखंडावर जो पातळ गंज उरतो, जो खड्ड्यांतून निघतच नाही, त्यासाठी मी हिरडा वापरला. बाजारातले बहुतेक रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजाला टिकाऊ थरात बदलणारी द्रावणं, फॉस्फरिक आम्लाची किंवा टॅनिक आम्लाची असतात. आपल्या सह्याद्रीतल्या हिरड्यात टॅनिन भरपूर आहे, कातडी कमवायला आणि काळी शाई करायला तो पूर्वापार वापरात आहे. काष्ठौषधीच्या दुकानातून भरड आणली, स्टीलच्या पातेल्यात उकळली, निवल्यावर कापडातून गाळली. लोखंडी कढईत उकळायची नाही, काढ्यातलं टॅनिन कढईलाच लागतं. ब्रशने काढा लावला. फाळक्याच्या आतल्या बाजूला मी बसून पाहत होते. आधी तपकिरी ओलसरपणा, मग कडांपासून जांभळट छटा, आणि दुपारपर्यंत सगळा भाग निळसर काळा. गंजातलं लोखंड टॅनिनशी जोडलं जाऊन पाण्यात न विरघळणारा काळा थर होतो. दोन हात दिले. हा थर एकटा टिकत नाही, त्यावर प्रायमर हवाच, आम्ही इपॉक्सी प्रायमर मारला. चकचकीत घासलेल्या लोखंडावर हिरड्याचा उपयोग नाही, त्याला धरायला गंज लागतो.

बिजागऱ्या, हूक, जेरीकॅनची चौकट असल्या सुट्या वस्तू प्लॅस्टिकच्या पिंपात, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, बॅटरी चार्जर लावून साफ केल्या. वस्तू ऋण टोकाला, भंगारातली साधी लोखंडी पट्टी धन टोकाला. तिथे स्टेनलेस लावू नये, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन निघतो म्हणून उघड्यावर ठेवायचं आणि जवळ विडी-काडी नाही. कमानपाटे आणि जास्त ताकदीचे बोल्ट या पिंपात किंवा आम्लात घालायचे नाहीत. हायड्रोजन पोलादात शिरला की ते ठिसूळ होतं आणि बाहेरून काही दिसत नाही.

चासीच्या आत, जिथे ब्रश पोचत नाही, तिथे काय घालायचं यावर आम्ही बराच खल केला. इकडची रीत म्हणजे पावसाळ्याआधी जळकं ऑइल फवारणं. ते मला मान्य नाही. त्यात इंजिनातली आम्लं असतात, रबर फुगतं आणि ते ठिबकून आंब्याच्या कलमांच्या मुळाशी जातं. मेस्त्रीच्या घरचे होडीच्या लाकडाला माशाचं तेल लावत आले आहेत, त्याने तेच सुचवलं. मला लगेच आठवलं, की फर्ग्युसन नावाच्या एका स्कॉटिश कप्तानाने जहाजाच्या गंजक्या डेकवर माशाचं तेल सांडलं तिथे गंज थांबलेला पाहिला आणि त्यातून पुढे १९२१ साली रस्ट-ओलियम ही रंगाची कंपनी निघाली. तारलीचं तेल जवसाच्या तेलासारखं हवेने सुकून पातळ पापुद्रा धरतं, आणि त्याआधी गंजात खोल मुरतं. फवारणीच्या पंपाला लांब नळी जोडून ते आत मारलं. वास काही आठवडे राहिला, शेजारची मांजरं चासीखाली मुक्कामाला आली, आता दोन्ही गेले. तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. सुकताना ती तापतात आणि आपोआप पेटतात. पाण्यात भिजवायची किंवा दोरीवर पसरून वाळवायची.

परत जोडताना प्रत्येक बोल्टला तांब्याचं अँटी-सीझ, म्हणजे बोल्ट पुन्हा जाम होऊ न देणारा लेप, लावलं, जिथे ते संपलं तिथे ग्रॅफाईट मिसळलेलं ग्रीस. फक्त चाकांचे नट कोरडे ठेवले, कारण ग्रीस लागलं की त्याच जोरात नट जास्त आवळला जातो आणि स्टड ताणला जातो. शॅकलची ग्रीसची निपलं बुजलेली होती ती बदलली. नवं ग्रीस दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत गन मारायची, म्हणजे आतलं खारं पाणी ढकललं जातं.

इंजिन अजून फिरवलेलं नाही. इंजेक्टर काढून सिलिंडरांत एटीएफ आणि डिझेल घालून ठेवलं आहे आणि मेस्त्री आला की फ्लायव्हीलला पहार लावून दोन्ही दिशांना हलकेच हलवून बघतो. गेल्या खेपेला ते दाताभर सरकलं. स्टार्टर लावायचा नाही असं आमचं ठरलं आहे. तेल बाहेर काढल्याशिवाय तर नाहीच, ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मॅनिफोल्डचे स्टड शेवटी घेणार. त्यांतले दोन वेल्डिंगनेच निघतील असं त्याचं म्हणणं आहे, मला अजून मेणबत्तीवर भरवसा आहे. गणपतीत तो गॅरेज बंद ठेवतो, तोवर रोज सकाळी तेल आणि हातोडीचं काम माझ्याकडे.